थेंबांनंतरची चाळीस मिनिटं

गजभियेंची आणि माझी ओळख झाली ती मी त्यांच्यावर पाळत ठेवायला गेले तेव्हा. कार्ल्सरूहेच्या ज्या डोळ्यांच्या क्लिनिकमध्ये मी आकड्यांचं आणि सॉफ्टवेअरचं काम बघत होते, तिथे लेसरने चष्म्याचा नंबर घालवून देत. ऑपरेशन डॉक्टर करायचे, पण लेसरने बुबुळ किती आणि कुठे घासायचं हे सांगणारे आकडे आधी कुणीतरी मोजावे लागतात. ते कुणीतरी म्हणजे गजभिये. आमच्या मुख्य डॉक्टर, ज्यांना सगळे फ्राउ डॉक्टर, म्हणजे डॉक्टरबाई, म्हणत, त्यांनी मला बोलावून सांगितलं की मोजणीच्या खोलीत पेशंट फार वेळ अडकतात, जरा बघ कुठे वेळ जातो. मी पुण्याची, त्यातून सॉफ्टवेअरमधली. दुसऱ्याचा वेळ कुठे वाया जातो हे शोधून काढण्यात मला जन्मजात आनंद आहे. दोन दिवसांत मी तक्ता तयार केला आणि तो फडकवत त्यांच्या खोलीत गेले.

तक्त्यात एकच रकाना लाल होता. डोळ्यांत बाहुली मोठी करणारे थेंब टाकल्यावर पेशंटला थांबवून ठेवतात. क्लिनिकच्या नियमात अर्धा तास लिहिला होता. गजभियेंकडे प्रत्येक पेशंट चाळीस मिनिटं बसत होता. अडतीस नाही, बेचाळीस नाही, मोजून चाळीस.

पन्नाशीचा, किरकोळ बांध्याचा माणूस. पांढरा कोट इतका कडक इस्त्रीचा, की तो त्यांच्याशिवायही उभा राहिला असता. त्यांनी माझा तक्ता शेवटपर्यंत वाचला.

"आल्झो," ते म्हणाले. मराठीतही त्यांच्या वाक्याची सुरुवात 'आल्झो'नेच व्हायची, आपण 'तर मग' म्हणतो तशी. "चष्मा किती वर्षांपासून लावून राहिल्या तुम्ही?"

"सर, प्रश्न तो नाहीये. ही जास्तीची दहा मिनिटं..."

"गेनाऊ, अगदी बरोबर. तेच सांगून राहिलो. बसा."

मी बसले. त्यांनी माझा नंबर काढला, पावणेचार. मग काचबिंदू नाही ना, ॲलर्जी नाही ना, विचारून थेंब टाकले. मला अकराची मीटिंग होती. "जा खुशाल," ते म्हणाले, "पण समोरचा कागद वाचता येणार नाही तुम्हाला." मी गेले नाही. चाळीस मिनिटांनी त्यांनी पुन्हा मोजलं आणि नंबर आला तीन.

"डोळ्याच्या आत भिंग असतं, त्याला स्नायू असतो. जवळचं बघायचं तर तो आवळावा लागतो. तुम्ही लोकं दिवसभर स्क्रीनपुढे तो आवळूनच बसता, मुठीसारखा. मग दूरचं बघा म्हटलं तरी मूठ पूर्ण सुटत नाही. तुमच्या पावणेचारमधला पाऊण नंबर डोळ्याचा नाहीच, मुठीचा आहे. लेसरने तोही घासून टाकला असता, तर परत भरून कोण देणार होतं?"

"पण नियमात तीस मिनिटं लिहिलीत."

"काळ्या डोळ्यांना थेंब उशिरा चढतात, मॅडम. नियम लिहिणाऱ्यानं निळे डोळे पाहून लिहिला असेल."

"मग निळ्या डोळ्यांना तीसच मिनिटं द्या ना!"

"नाही. सगळ्यांना सारखं."

मी फ्राउ डॉक्टरना जाऊन सांगितलं की चाळीस मिनिटं बरोबर आहेत. त्यांनी माझ्या भोपळ्याएवढ्या बाहुल्यांकडे बघितलं आणि काय झालं असेल ते त्यांच्या लक्षात आलं. विषय तिथेच मिटला.

गजभिये उत्तर नागपूरचे. नागपुरी मराठी त्यांनी सोडली नव्हती आणि जर्मन त्यांना पुरती धरता आली नव्हती. जर्मन नामांआधी लागणाऱ्या 'डेर, डी, डास'मधलं योग्य ते त्यांच्या तोंडून वर्षातून एकदा निघायचं, आणि तेव्हा आमची रिसेप्शनिस्ट टाळी वाजवायची. बुद्धपौर्णिमेला ते मोठ्या पातेल्यात खीर आणायचे आणि रिसेप्शनपासून तळघरात कचरा वेगळा करणाऱ्या माणसापर्यंत सगळ्यांना वाटी भरून द्यायचे. जर्मनांना तो वेलची पडलेला मिल्शराइस, म्हणजे त्यांचा गोड दूधभात, वाटायचा. माझं आडनाव त्यांनी तीन महिने विचारलं नाही. भेटल्याबरोबर आडनाव विचारून माणसाचा कप्पा ठरवायची आपली खोड मला इतकी अंगवळणी पडलेली, की त्यांनी विचारलं नाही म्हणून मीच अस्वस्थ झाले आणि एकदा आपणहून सांगून टाकलं. "बरं," एवढंच म्हणाले. मला मात्र ते पहिल्यापासून मॅडमच म्हणत राहिले.

थेंब टाकलेला माणूस मोठा मजेशीर दिसतो. आधी तो सवयीने फोन काढतो. डोळ्यांजवळ धरतो, हात लांब करून धरतो, भुवया उंचावतो आणि शेवटी हरून खिशात घालतो. पुस्तक, मासिक, कशाचाच उपयोग नाही. जर्मनीतल्या वेटिंगरूममध्ये कुणी कुणाशी बोलत नाही, आत येताना सगळ्यांना मिळून एक 'मॉर्गन' म्हटलं की माणसाचं कर्तव्य संपतं. अशा खोलीत फोनशिवाय चाळीस मिनिटं म्हणजे शिक्षाच. गजभिये त्या चाळीस मिनिटांत पेशंटशेजारी जाऊन बसायचे. समोर नाही, शेजारी. प्रश्न विचारायचे नाहीत. स्वतःचं काहीतरी सांगायचे, सकाळी ट्राममध्ये काय झालं, कालच्या भाजीत मीठ जास्त पडलं, असलं. दहा मिनिटांत पेशंट बोलायला लागायचा.

एकदा एक दाढीवाला प्रोग्रामर आला होता. जर्मनच, दुसऱ्या गावाहून नोकरीसाठी आलेला. माझं टेबल एव्हाना मोजणीच्या खोलीच्याच कोपऱ्यात आल्यामुळे सगळं कानावर पडायचं. गजभियेंनी आपल्या चुकीच्या जर्मनमध्ये बेकरीतल्या पावाबद्दल काहीतरी सांगितलं. त्यावर तो म्हणाला की शुक्रवारनंतर आज पहिल्यांदाच कुणाशी बोलतोय. त्या दिवशी मंगळवार होता. तो घरून काम करत होता आणि सामान दारात येऊन पडत होतं. पुढचा अर्धा तास तो थांबला नाही. आईबद्दल बोलला, लहानपणीच्या कुत्र्याबद्दल बोलला. चाळीस मिनिटं झाली तेव्हा त्याने विचारलं, अजून थोडा वेळ बसलो तर चालेल का? गजभियेंनी टॉर्चने त्याचे डोळे पाहिले आणि सांगितलं, "बाहुली अजून पूर्ण उघडली नाही. आणखी पंधरा मिनिटं लागतील." बाहुली केव्हाच उघडली होती, मला माझ्या टेबलावरून दिसत होती.

तो गेल्यावर मी छेडलं, "काय सर, नियम मोडलात! सगळ्यांना सारखं होतं ना?"

"थेंब टाकलेल्या माणसाला एकटं सोडू नये, मॅडम. त्याला जवळचं काही दिसत नसतं." मग कपाटातून फडकं काढून ते मशीनची हनुवटी टेकायची पट्टी पुसायला लागले.

वेळेच्या बाबतीत त्यांनी असा एखाद वेळी हात सैल सोडला असेल, पण क्रमाच्या बाबतीत नाही. "आधी कोरडं, मग थेंब," हे ते दिवसातून चारदा म्हणायचे. कोरडं म्हणजे थेंब न टाकता केलेली सगळी मोजणी. बुबुळाचा नकाशा काढणारं एक मशीन आहे, त्यात बुबुळाचे उंचवटे रंगांमध्ये दिसतात. तो नकाशा आधी काढायचा. मग साधा नंबर. मग थेंब, चाळीस मिनिटं आणि पुन्हा नंबर. थेंब आधी टाकले तर बाहुली पसरते, पसरताना तिचं केंद्र किंचित सरकतं, बुबुळावरचा ओलावा बदलतो, आणि नकाशा बिघडतो.

फ्राउ लेन्झ नावाची एक नवी मदतनीस आली होती. चुणचुणीत पोरगी. गर्दीच्या दिवशी वेळ वाचवावा म्हणून तिने एका पेशंटला आधीच थेंब टाकून ठेवले. पेशंट हायडेलबर्गहून रजा टाकून आलेला. गजभियेंनी त्याच्या बाहुल्या पाहिल्या, त्याची माफी मागितली आणि त्याला दुसरी तारीख देऊन घरी पाठवलं. फ्राउ डॉक्टर तणतणत आल्या. मशीन तर नकाशा देतंय ना, मग घ्या की तो! गजभिये शांतपणे म्हणाले, "मशीन आकडा देतंच. मशीनला लाज नसते." हे त्यांनी जर्मनमध्ये म्हटलं आणि गंमत म्हणजे त्या दिवशी 'डी' बरोबर लागलं. फ्राउ लेन्झला मात्र ते एक शब्द बोलले नाहीत. दुपारी तिला आपल्या डब्यातले पोहे दिले आणि थेंबांच्या बाटलीवर लाल चिकटपट्टी लावून ठेवली.

त्यांच्या घरचं मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. बायको संशोधक, एक मुलगी. तिला इथल्या संस्थेत जागा मिळाली म्हणून ते तिच्या मागोमाग आले. नागपुरात वीस-वीस गावांची नेत्रशिबिरं चालवलेला माणूस, पण इथे डिग्रीची आनएर्केनुंग पाहिजे, म्हणजे तुमचं शिक्षण खरं आहे हे सरकारला पटवून देणं. त्यात चार वर्षं गेली. ती चार वर्षं ते पार्सलांच्या गोदामात खोकी उचलत होते आणि सुटीच्या दिवशी जर्मनमधून डोळा शिकत होते. तिसऱ्या वर्षी बायकोला बर्लिनची नोकरी आली. परीक्षा आठ महिन्यांवर होती. "तुम्ही दोघी व्हा पुढं, पास झालो की येतो," असं यांनी सांगितलं. पास झाले, तोवर बर्लिनच्या त्या घरात यांच्यासाठी जागा राहिलेली नव्हती. मोठं भांडण वगैरे काही झालं नाही. मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. नाव यशोधरा. ते यशू म्हणायचे.

यशू आता बर्लिनला शिकत होती. रविवारी अकरा वाजता ते तिला फोन करायचे. तीनांतला एक फोन ती घ्यायची. ते मराठीत विचारायचे, ती जर्मनमध्ये उत्तर द्यायची. तिला मराठी सगळं कळतं, हे ते मला न विचारता सांगायचे. एका सोमवारी ते आले तेच चेहरा पाडून. मी विचारलं तर फोन पुढे केला. यशूचा मेसेज होता: पापा, मी डोळ्यांना लेसर करून घेतेय. बर्लिनच्या कुठल्याशा ठिकाणी तपासणीही झाली होती, तीन आठवड्यांनी शुक्रवारची तारीख मिळाली होती.

"चांगलंय की," मी म्हटलं.

"थेंब टाकले का विचारलं मी. तर म्हणते, नाही, पंचवीस मिनिटात झालं सगळं." ते खुर्चीवर टेकले. "नंबर सांगितला पावणेचार. मागच्या वर्षी तर तीनही नव्हता, मॅडम. परीक्षा चालू आहे तिची. दिवसरात्र लॅपटॉप. आवळलेला डोळा मोजून दिला त्यांनी. ज्यादा घासतील. आयुष्यभर जवळचं वाचताना डोकं धरून बसेल पोरगी."

तिला इकडे बोलवायचं आणि आपल्या हाताने एकदा नीट मोजायचं, याखेरीज त्यांना त्यानंतर दुसरं काही सुचेना. एवढंच असतं तर मी म्हटलं असतं की मोजणाऱ्याचा स्वभाव. पण अकरा वर्षांत पोरगी कार्ल्सरूहेला एकदाही आलेली नव्हती. ती येईल का, हाही प्रश्न त्यातच होता, आणि आम्हा दोघांनाही तो माहीत होता. रोज सकाळी मी नजरेने विचारायची, ते नकारार्थी मान हलवायचे. मग एके दिवशी हलवली नाही. फ्रायबुर्गला मैत्रिणीकडे जाताना वाटेत दोन तास उतरणार होती, गुरुवारी. दोन आठवडे लेन्स लावू नको, हे त्यांनी मेसेज करून सांगितलं होतंच, आणि तिने लावल्या नव्हत्या. "लावल्या नाही तिनं," हे त्यांनी मला तीनदा सांगितलं.

त्या गुरुवारी ते नवा शर्ट घालून आले. यशू उंच, बापाच्या डोक्यावर हनुवटी टेकेल इतकी. काळा कोट, पाठीला सॅक. तिने हात पुढे केला आणि त्यांनी तो दोन्ही हातांत धरला. मीच उठून ओळख करून घेतली. तिने मराठीत "नमस्कार" म्हटलं आणि लगेच जर्मनवर गेली. तिला घाई होती. मैत्रिणीबरोबर संध्याकाळी सिनेमा होता, डोळे धूसर झालेले तिला नको होते. आधी मशीनवर मोज, ती वडिलांना म्हणाली, थेंबांचं मग बघू.

मला क्षणात हिशेब कळला. कोरड्या मोजणीला वीस मिनिटं. मग ती घड्याळ बघेल, सॅक उचलेल आणि जाईल. ज्यासाठी बोलावलं ते राहूनच जाणार.

गजभिये मशीनपाशी उभे होते. मशीन चालू होतं. त्यांनी मशीनकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "आधी थेंब टाकावे लागतात, बेटा. इथे तशीच पद्धत आहे."

मी खुर्चीत गर्रकन वळले. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. यशूने खांदे उडवले, डोकं मागे टेकवलं, आणि त्यांनी लाल चिकटपट्टीच्या बाटलीतून दोन्ही डोळ्यांत थेंब टाकले. मी काही बोलायला हवं होतं का? अजूनही मला ठरवता येत नाही. मी कॉफी आणते म्हणून बाहेर पडले आणि बराच वेळ कॉफी आणलीच नाही.

परत आले तेव्हा दोघं शेजारी शेजारी बसले होते. तिने फोन काढून, लांब धरून, हरून खिशात घातला असणार, कारण हात मोकळे होते. ते काहीतरी सांगत होते, दोन बोटांनी हवेत काहीतरी केवढं होतं ते दाखवत होते. ती हसली. मला काचेतून फक्त हसणं दिसलं, ऐकू आलं नाही. मी दाराबाहेरच थांबले. त्या चाळीस मिनिटांत मी कॉरिडॉरमधली सगळी माहितीपत्रकं वाचून काढली.

थेंबांनंतरचा नंबर आला अडीच. बर्लिनच्या पावणेचारपेक्षा सव्वा नंबर कमी. हा आकडा खरा होता, तो थेंबांनंतरच मोजायचा असतो. पण नकाशा आणि साधा नंबर आता काढता येणार नव्हता. गजभियेंनी कागद भरला. थेंबांची वेळ लिहिली, कोरड्या मोजणीच्या रकान्यांत आडव्या रेघा मारल्या आणि खाली लिहिलं: थेंब आधी टाकले गेले, चूक माझी. सही केली. स्टेशनवर पोचवायला येतो म्हणाले, तर ती नको म्हणाली, तिने गॉगल आणला होता. कागद सॅकमध्ये घालून ती गेली.

"सर," मी म्हटलं.

"इतक्या वर्षांत माझा हात कधी चुकला नाही, मॅडम," ते कोटाची बटणं लावत म्हणाले. "आजही चुकला नाही."

चार दिवसांनी तिचा मेसेज आला. बर्लिनच्या लोकांनी कागद पाहून सांगितलं होतं की हा मोजणारा इतक्या साध्या क्रमात चुकतो, तर त्याच्या आकड्यावर आम्ही कसे विसंबणार? आमचा नंबर बरोबर आहे, तारीख तीच राहील. शेवटी तिने लिहिलं होतं: तुझ्याकडून चूक झाली, असू दे.

दुपारी डबा न उघडता ते माझ्या टेबलाशी येऊन बसले. मी शहाणपणा शिकवला. फ्राउ डॉक्टरांच्या सहीचं पत्र पाठवा, म्हटलं, त्यात लिहा की क्रम चुकला तरी थेंबांनंतरचा नंबर बरोबरच असतो.

"पत्र वाचेल कोण? ऑपरेशन शुक्रवारी आहे." ते थोडा वेळ टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिले. "आल्झो, असं आहे. चूक झाली म्हटलं, तर माझा नंबर खोटा पडतो. मुद्दाम केलं म्हणून सांगितलं, तर नंबर टिकतो. मग मी टिकत नाही."

"निदान अर्धंच सांगा," मी म्हटलं. "थेंब राहून गेले असते म्हणून आधी टाकले, एवढंच. तेही खरंच आहे ना?"

"तेवढंच खरं नाही पण."

त्यांनी तिथेच फोन लावला. तो रविवार नव्हता, अकरा वाजले नव्हते, तरी तिने उचलला. आणि मी पहिल्यांदाच त्यांना मुलीशी जर्मनमध्ये बोलताना ऐकलं. व्याकरणाची पार वाट लागली होती, पण कुठलंच वाक्य दोन अर्थांचं नव्हतं. मला क्रम माहीत होता, ते म्हणाले. मी तुझ्याशी खोटं बोललो. आधी मशीनवर मोजलं असतं तर तू निघून गेली असतीस. मला तुझा खरा नंबर पाहिजे होता, आणि तू चाळीस मिनिटं माझ्याजवळ बसायला पाहिजे होतीस. दोन्हीसाठी केलं. हातून चूक झालेली नाही, म्हणून नंबर अडीचच आहे. त्यांना थेंब टाकायला सांग. माझ्यावर राग धर, पण थेंब टाकून घे.

मग ती म्हणाली, "इश मुस लोस," म्हणजे मला निघायला हवं, आणि फोन बंद झाला. गजभियेंनी फोन उपडा ठेवला. दोन वाजताचा पेशंट आला होता, त्याला आत बोलावून त्यांनी मशीनपाशी बसवलं. मला त्यांचा फार राग आला आणि त्याच वेळी त्यांच्याजवळ जाऊन बसावंसं वाटलं. यातलं मी काहीच केलं नाही.

गुरुवारी दुपारी तिने दोन फोटो पाठवले. पहिला बर्लिनच्या नव्या तपासणीच्या कागदाचा. थेंब टाकून मोजलेला नंबर: अडीच, दोन्ही डोळे. खाली शुक्रवारची तारीख खोडून तीन आठवड्यांनंतरची घातली होती, नवा नंबर धरून ऑपरेशन करायला. दुसरा फोटो बुबुळांच्या नकाशांचा. सोबत एक शब्दही नव्हता. हॅलो नाही, पापा नाही.

"बरोबर आला," गजभिये म्हणाले. त्यांनी मला दोन्ही फोटो दाखवले, मग फ्राउ लेन्झला दाखवले. त्या रविवारी अकराला त्यांनी फोन केला, तिने घेतला नाही. पुढच्याही नाही, त्याच्या पुढच्याही नाही. हे मी विचारत नव्हते, सोमवारी ते आपणहून सांगायचे, हवामान सांगावं तसं.

मला त्याच सुमारास कोलोनची नोकरी मिळाली. माझ्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी आवराआवर चालली असताना ते फोन घेऊन आले. "मॅडम, हा दुसरा फोटो रंगीत निघेल का?"

वरच्या ऑफिसात रंगीत प्रिंटर होता. मी मोठा करून ए-फोरवर काढून दिला. निळ्या-हिरव्या दोन वर्तुळांत मधोमध पिवळसर लाल पट्टे. त्यांनी कागद खिडकीपाशी नेला.

"हे पाहा, डमरू दिसतो ना? तिरपा. म्हणजे बुबुळ एका बाजूनं जास्त वाकलेलं आहे. सिलिंडर नंबर म्हणतात तो हा." त्यांनी उजव्या वर्तुळावर बोट न टेकवता कोन दाखवला. "माझा पण असाच आहे. एवढाच, याच कोनात. तिच्या आईचे बुबुळ एकदम गोल, साफ. हा माझ्याकडून गेला तिला."

"लेसर झाल्यावर राहतो हा?"

"नाही. नंबराबरोबर हा पण काढतात," ते म्हणाले. पेशंटला सांगतात त्याच आवाजात म्हणाले. "पुढच्या सोमवारी आहे तिचं. काढायलाच पाहिजे, नाहीतर तिला स्वच्छ कसं दिसणार?"

मी उगाच प्रिंटरचा ट्रे उघडून बंद केला. त्यांनी एक पारदर्शक प्लास्टिकचं पाकीट मागितलं, कागद त्यात सरकवला, माझ्या नव्या नोकरीला शुभेच्छा दिल्या आणि कोट खुंटीला लावून खाली गेले.

मी दहा मिनिटांनी उतरले. बारीक पाऊस पडत होता. माझी ट्राम समोरच्या बाजूने होती, ती लगेच मिळाली, पण सिग्नल मिळेना म्हणून थांब्यावरच उभी राहिली. आत बसल्यावर पलीकडच्या थांब्यावर गजभिये दिसले. जॅकेटची चेन गळ्यापर्यंत लावलेली, आणि जॅकेटच्या आत छातीवर सपाट धरलेलं ते पाकीट बाहेरून दोन्ही हातांनी दाबून ठेवलेलं. त्यांची ट्राम आली. ऑफिसं सुटायची वेळ, दारात माणसं दाटली होती. ते एक पाऊल पुढे गेले, दाराकडे पाहिलं आणि मागे सरले. ट्राम गेली. दुसरी आली, तीही भरलेली होती, तीही त्यांनी सोडली. मग माझी ट्राम सुटली.